पोटातला दुसरा कॉम्प्युटर : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच विषय सारखा दिसला, विंडोजचा प्रोग्रॅम लिनक्सवर कसा चालवू, मॅकवर विंडोज कसं घेऊ, नवीन विंडोजच्या आत जुनं विंडोज ठेवता येईल का, म्हणून हा अख्खा भाग व्हर्च्युअल मशीनलाच, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरलाच, देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. दोन शब्द आधी सांगून ठेवते, तुमचा खरा कॉम्प्युटर आणि त्यावरची सिस्टिम म्हणजे होस्ट, आणि त्याच्या आत एका विंडोत चालते ती गेस्ट, म्हणजे आपली पाहुणी.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी लॅपटॉपवरचं विंडोज काढून उबुंटू टाकलं, सगळं छान चाललंय. पण हिशेबाचा एक जुना प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो आणि त्यात बारा वर्षांचा डेटा आहे. रॅम ८ जीबी. मित्र म्हणतो वाइन टाक, भाऊ म्हणतो व्हर्च्युअलबॉक्स टाक. कोणाचं ऐकू?

आधी मित्राचं ऐका, नाही जमलं तर भावाचं. दोघं सांगतायत त्या गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत.

वाइनमध्ये विंडोज नसतंच. तुमचा हिशेबाचा प्रोग्रॅम चालताना सारखं काहीतरी मागत असतो, ही फाइल उघड, इथे बटण काढ, हा कागद प्रिंटरला पाठव, आणि ते सगळं तो विंडोजच्या भाषेत मागतो. वाइन मध्ये उभं राहून ती मागणी लिनक्सच्या भाषेत पुढे देतं. त्यामुळे विंडोज टाकायला नको, त्याचं लायसन्स नको, रॅमही प्रोग्रॅमला लागते तेवढीच. काम किती मोठं आहे बघा, वाइन सुरू झालं १९९३ मध्ये आणि त्याचं १.० व्हर्जन आलं २००८ मध्ये, मधली पंधरा वर्षं लोक एकेक मागणी समजून घेऊन लिहीत होते. आणि अजूनही सगळ्या मागण्या पुऱ्या होत नाहीत, प्रोग्रॅमने नेमकं न जमणारं काही मागितलं की तो तिथेच अडकतो.

म्हणून एक संध्याकाळ काढा. डेटाची कॉपी घ्या (मूळ डेटाला हात लावू नका, हे अगदी कळकळीने सांगतेय), वाइनवर प्रोग्रॅम टाका आणि नुसता उघडला म्हणून खूश होऊ नका. एक नोंद करा, ती दुरुस्त करा, प्रिंट काढा, मागच्या एखाद्या वर्षाचा ताळेबंद काढून जुन्या प्रिंटशी आकडे जुळवून बघा. तारखांची मांडणी आणि प्रिंट या दोन जागी हमखास गडबड सापडते. सगळं जुळलं तर व्हर्च्युअल मशीनच्या वाटेला जायची गरजच नाही.

नाही जुळलं तर व्हर्च्युअलबॉक्स. इथे मात्र तुम्ही एक प्रोग्रॅम घेत नसून अख्खा कॉम्प्युटर घेताय. त्याला स्वतःचा बायोस, स्वतःची डिस्क, स्वतःचं नेटवर्क कार्ड असतं, फक्त हे सगळं सॉफ्टवेअरने उभं केलेलं असतं आणि आतल्या विंडोजला वाटतं की या मशीनवर आपण एकटेच आहोत. म्हणजे त्याला अपडेट लागणार, अँटिव्हायरस लागणार, स्वतःचं लायसन्ससुद्धा लागणार, लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स सहसा त्या लॅपटॉपच्या हार्डवेअरला बांधलेलं असतं, आतल्या मशीनला ते चालेल असं धरून चालू नका.

८ जीबीत ४ पाहुणीला आणि ४ घरच्यांना अशी वाटणी करा, प्रोसेसरचे दोन कोअर द्या आणि ते चालू असताना ब्राउझरचे वीस टॅब बंद ठेवा. विंडोज ११ किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) मागतं, ती टीपीएमची चिप व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून, म्हणजे २०२२ पासून, सॉफ्टवेअरमध्येच देता येते. होईल, पण ८ जीबीत ओढाताण जाणवेल. आणखी ८ जीबी बसवता येत असेल तर आधी ते करा, बाकी कुठल्याही सेटिंगने एवढा फरक पडत नाही.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लिनक्स टाकायला गेले तर 'व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस' असा मेसेज येतो. लॅपटॉप नवीन आहे. खराब आहे का?

अजिबात नाही, एक स्विच बंद आहे एवढंच. कॉम्प्युटर चालू होताना डिलीट, एफ२ किंवा एफ१० दाबून बायोसमध्ये जा (कुठली की ते कंपनीवर आहे, स्क्रीनच्या कोपऱ्यात क्षणभर दिसतं). इंटेलच्या मशीनवर तिथे 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' असं काहीतरी असेल, एएमडीवर 'एसव्हीएम मोड', बहुतेक वेळा ॲडव्हान्स्ड किंवा सीपीयू कॉन्फिगरेशनच्या पोटात. ते इनेबल करा, सेव्ह करून बाहेर या. विंडोजमध्ये खात्री करायची तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबवर सीपीयूच्या खाली उजवीकडे 'व्हर्च्युअलायझेशन : इनेबल्ड' असं दिसायला हवं.

हे का लागतं तेही सांगते, कारण मला स्वतःला हा भाग फार आवडतो. आयबीएमच्या मोठ्या मशीनवर एकाच कॉम्प्युटरचे अनेक कॉम्प्युटर करायची सोय १९७२ पासून बाजारात होती, व्हीएम/३७० नावाची. आपल्या घरातल्या एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या जातीच्या) प्रोसेसरवर मात्र अडचण होती. ऑपरेटिंग सिस्टिमला प्रोसेसरवर सगळे हक्क लागतात, ते पाहुणीला देता येत नाहीत, मग तिला कमी हक्कांच्या जागी बसवायचं आणि तिने हक्काबाहेरचा हुकूम सोडला की प्रोसेसरने ओरडून होस्टला सांगायचं, अशी ती युक्ती. पण एक्स८६ चे काही हुकूम असे होते की हक्क नसला तर प्रोसेसर ओरडायचाच नाही, गुपचूप वेगळंच काहीतरी करून पुढे जायचा. पाहुणीला वाटायचं काम झालं, झालेलं नसायचं. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने यावर तोडगा काढला, पाहुणीचे असे हुकूम चालायच्या आधीच वाचून, जागच्या जागी बदलून मग चालवायचे. भन्नाट काम होतं ते. मग २००५ च्या शेवटी इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच ही सोय दिली, तीच व्हीटी-एक्स आणि एएमडी-व्ही. तुमच्या बायोसमधला स्विच त्या सोयीचा आहे.

लिनक्स होस्ट असणाऱ्यांना एक जास्तीची सूचना, स्विच चालू असूनही 'व्हीटी-एक्स दुसरं कोणीतरी वापरतंय' अशा अर्थाचा मेसेज आला तर तो दुसरा बहुतेक केव्हीएम असतो, व्हर्च्युअल मशीन चालवायची लिनक्सची स्वतःची सोय, त्याच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) २००७ पासून असलेली. दोघांपैकी एकच निवडा. मी लिनक्सवर केव्हीएमच वापरते, व्हर्ट-मॅनेजर नावाच्या प्रोग्रॅममधून, पण पहिल्यांदाच करत असाल तर व्हर्च्युअलबॉक्सची बटणं समजायला सोपी आहेत.

प्रश्न : विंडोज ११ वर व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स टाकलंय. १६ जीबी रॅम, आठ कोअर, त्यातले सगळे आठ आणि १२ जीबी गेस्टला दिलेत, तरी माउससुद्धा अडखळतो. खाली कोपऱ्यात एक हिरवं कासव दिसतं, ते काय आहे?

ते कासव बघितलंत आणि लिहून कळवलंत हे फार बरं केलंत, त्यातच अर्धं उत्तर आहे. विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवायची विंडोजमधलीच सोय) चालू असलं की प्रोसेसरची ती व्हीटी-एक्सची सोय आधी त्याच्या ताब्यात जाते, मग व्हर्च्युअलबॉक्सला हायपर-व्हीच्या मार्फत काम करावं लागतं आणि ते हळू होतं, म्हणून कासव. तुम्ही हायपर-व्ही कधी चालू केलं नसेल तरी ते चालू असू शकतं, डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) टाकलं की येतं, विंडोज सिक्युरिटीतलं कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी चालू असलं तरी मागे तेच चालतं.

आता इंटरनेटवर जिकडे तिकडे 'मेमरी इंटिग्रिटी बंद करा' असा सल्ला मिळेल, मी तो देणार नाही. ती सोय तुमच्या खऱ्या कॉम्प्युटरचं रक्षण करते, पाहुणीसाठी घराचं कुलूप काढायचं नसतं. विंडोज प्रो असेल तर सरळ हायपर-व्हीमध्येच लिनक्स टाका. आणि तुम्हाला लिनक्सच्या नुसत्या कमांड आणि प्रोग्रॅमिंगची साधनं हवी असतील तर डब्ल्यूएसएल २ पुरे आहे, अख्ख्या डेस्कटॉपची गरजच नाही.

दुसरं, सगळे कोअर देणं ही चूक आहे. पाहुणीने आठही कोअर धरले की होस्टला स्वतःचं काम करायला, म्हणजे तुमचा माउस हलवायलासुद्धा, जागा राहत नाही, आणि होस्ट अडला की त्याच्यावर बसलेली पाहुणीही अडते. तीन-चार कोअर आणि ६ जीबी रॅम देऊन बघा, कमी देऊन जास्त वेग मिळेल. आणि गेस्ट ॲडिशन्स टाकलेत का तेही बघा, डिव्हाइसेस मेनूच्या तळाशी असतं, त्याशिवाय स्क्रीन छोटी राहते, इकडचं कॉपी तिकडे पेस्ट होत नाही आणि माउस चिकटल्यासारखा वाटतो.

प्रश्न : माझ्याकडे एक जुना स्कॅनर आहे, अजून उत्तम चालतो, पण त्याचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीचाच आहे. फेकवत नाही. काही उपाय?

फेकू नका! व्हर्च्युअल मशीनचा मला वाटतं हा सगळ्यात चांगला उपयोग आहे, चालतं हार्डवेअर निव्वळ ड्रायव्हर नाही म्हणून कचऱ्यात जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी टाका, ५१२ एमबी ते १ जीबी रॅम भरपूर झाली. डिस्कचा कंट्रोलर साटा न ठेवता आयडीई ठेवा, कारण एक्सपीच्या सीडीवर साटाच्या एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो आणि इन्स्टॉल करताना निळी स्क्रीन येते किंवा डिस्कच सापडत नाही. यूएसबी कंट्रोलर २.० निवडा, ३.० नको, एक्सपीला तो कळत नाही. होस्ट लिनक्स असेल तर तुमचा युजर 'व्हीबॉक्सयूजर्स' ग्रुपमध्ये घालावा लागतो आणि मग लॉगआउट करून परत लॉगिन करायचं, ही शेवटची पायरी विसरली की यूएसबीची यादी रिकामी दिसते आणि माणूस तासभर स्कॅनरची वायर बदलत बसतो. मग मशीन चालू करून डिव्हाइसेस, यूएसबी, आणि यादीतल्या स्कॅनरच्या नावावर टिक. होस्टवरून तो गायब होईल आणि आत एक्सपीच्या कोपऱ्यात 'फाउंड न्यू हार्डवेअर'चा फुगा येईल.

एक अट. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय, त्यामुळे त्या मशीनला इंटरनेट द्यायचं नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'नॉट अटॅच्ड' ठेवा आणि स्कॅन केलेली चित्रं शेअर्ड फोल्डरमधून बाहेर काढा.

प्रश्न : एम१ मॅकबुक घेतलं. जुन्या मॅकवर बूट कॅम्पने विंडोज चालायचं, इथे ते नाहीच. ऑफिसचा एक प्रोग्रॅम विंडोजचाच आहे आणि त्याला यूएसबी डोंगल लागतो. पॅरलल्स (मॅकवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं विकतचं सॉफ्टवेअर) घेऊ का?

डोंगलचं, म्हणजे प्रोग्रॅम चालायला लावावी लागणाऱ्या त्या यूएसबी काडीचं, उत्तर मिळेपर्यंत पैसे घालू नका. २०२० च्या शेवटी आलेल्या एम१ पासून मॅकचा प्रोसेसर एआरएम जातीचा आहे, तुमचा ऑफिसचा प्रोग्रॅम इंटेलच्या एक्स८६ साठी लिहिलेला. व्हर्च्युअल मशीन जोरात चालते कारण ती हुकूम भाषांतर करत बसत नाही, थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवते, आणि म्हणूनच पाहुणी त्याच जातीची लागते. त्यामुळे पॅरलल्समध्ये तुम्हाला विंडोज ११ चं एआरएम व्हर्जन मिळतं (याला मायक्रोसॉफ्टची अधिकृत मान्यता २०२३ मध्ये मिळाली) आणि मग ते विंडोज स्वतः आतल्या आत एक्स८६ चे प्रोग्रॅम भाषांतर करून चालवतं. साधे प्रोग्रॅम बहुतेक चालतात, वेगही बरा असतो.

ड्रायव्हर मात्र भाषांतर होऊन चालत नाहीत, ते सिस्टिमच्या गाभ्यात बसतात, त्यांना एआरएमसाठीच लिहिलेलं असावं लागतं. तुमच्या डोंगलला स्वतःचा ड्रायव्हर लागत असेल आणि कंपनीने त्याचा एआरएम ड्रायव्हर काढला नसेल तर या एआरएम विंडोजवर पॅरलल्स काय, कोणीच काही करू शकत नाही. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना हा एकच प्रश्न लिहून विचारा. यूटीएम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते क्यूएमू वापरून पूर्ण एक्स८६ कॉम्प्युटर नकली उभा करतं, पण तिथे प्रत्येक हुकमाचं भाषांतर होतं आणि आजचं विंडोज त्यावर रोजच्या कामाला वापरण्याजोगं राहत नाही. ऑफिसमध्ये एखादा इंटेलचा कॉम्प्युटर पडून असेल तर त्याला डोंगल लावून मॅकवरून रिमोट डेस्कटॉपने जोडणं, हे मला तुमच्यासाठी जास्त भरवशाचं वाटतं.

प्रश्न : अनोळखी फाइल व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडली तर खऱ्या कॉम्प्युटरला धोका शून्य ना?

कमी, शून्य नाही. २०१५ मध्ये 'व्हेनम' नावाची एक चूक सापडली, क्यूएमूमधल्या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये, फ्लॉपी कोणी वापरत नव्हतं तरी तो कोड तिथे होता आणि त्यातून पाहुणीला बाहेर यायला वाट मिळत होती. अशा चुका क्वचित सापडतात आणि अपडेटने बुजवल्या जातात, तेव्हा व्हर्च्युअलबॉक्स किंवा जे काही वापरता ते अपडेट ठेवा. खरा धोका रोजच्या सोयींतून येतो, शेअर्ड फोल्डरला लिहायची परवानगी दिलेली असली की आतला रॅन्समवेअर त्या फोल्डरमधल्या तुमच्या खऱ्या फाइली लॉक करेल, त्याला भिंत फोडायची गरजच नाही. तपासायचं असेल तेव्हा शेअर्ड फोल्डर, क्लिपबोर्ड आणि नेटवर्क तिन्ही बंद.

प्रश्न : मी दर आठवड्याला स्नॅपशॉट घेतो. मग वेगळा बॅकअप नको ना?

हवा, हवा, हवाच. तुमच्यासारखी बरीच पत्रं आलीत म्हणून जरा सविस्तर.

स्नॅपशॉट म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती, परत मागे येता यावं म्हणून राखलेली. पण तो घेतला की डिस्कची कॉपी होत नाही. त्या क्षणाला मूळ डिस्कची फाइल गोठवली जाते आणि एक नवीन फाइल सुरू होते, त्यानंतर जे बदलेल तेवढंच त्या नवीन फाइलमध्ये लिहिलं जातं. पुढचा स्नॅपशॉट घेतला की तीही गोठते आणि तिच्या पुढे तिसरी. वाचताना मशीन शेवटच्या फाइलपासून मागे मागे बघत जातं. म्हणजे साखळी आहे, मधली एक कडी गेली की तिच्यापुढचं सगळं गेलं, आणि ही सगळी साखळी एकाच खऱ्या डिस्कवर, बहुतेक एकाच फोल्डरमध्ये.

हे मी वाचून सांगत नाहीये. एकदा होस्टची डिस्क भरली म्हणून जागा करायला बसले, 'स्नॅपशॉट्स' फोल्डरमध्ये महिरपी कंसात लांबलचक आकडे-अक्षरं अशा नावांच्या तीन-चार फाइली दिसल्या, एकेक बऱ्याच जीबीची, नाव बघून टाकाऊच वाटल्या आणि त्यातली सगळ्यात मोठी उडवली, रिसायकल बिनमधूनसुद्धा. दुसऱ्या दिवशी मशीन चालू होईना, फाइल सापडत नाही म्हणाली. मूळ डिस्क शाबूत होती पण ती आठ महिन्यांपूर्वी गोठलेली, त्यानंतरचं सगळं काम त्या उडवलेल्या फाइलीत आणि तिच्या पुढच्यांत होतं. आठ महिने मी परत लिहून काढले. म्हणून, स्नॅपशॉट उडवायचा तर व्हर्च्युअलबॉक्सच्या मेनूतूनच उडवा, तो कडी नीट जोडून देतो, फोल्डरमध्ये हात घालू नका.

दुसरी एक गोष्ट ज्याने लोकांना धक्का बसतो, जुन्या स्नॅपशॉटवर परत गेलात की फक्त सिस्टिम मागे जात नाही, मधल्या काळात आत केलेल्या नोंदी, फोटो, सगळंच मागे जातं. त्यामुळे स्नॅपशॉट कशासाठी तर एखादं अपडेट किंवा नवीन प्रोग्रॅम टाकायच्या आधी पाच मिनिटं, नीट चाललं की दोन-तीन दिवसांत काढून टाकायचा. दर आठवड्याला घेऊन वर्षभर साठवायचा नाही, साखळी लांबली की मशीनही जड होतं.

बॅकअप असा घ्या. गेस्ट नीट शटडाउन करा, नुसतं 'सेव्ह स्टेट' (मशीन आहे त्या स्थितीत थांबवून ठेवणं) नको. मग त्या मशीनचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, किंवा फाइल मेनूतून 'एक्सपोर्ट अप्लायन्स' करून एकच ओव्हीए फाइल बनवा, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडायलाही सोपी. आणि ती कॉपी एकदा दुसऱ्या मशीनवर चालू करून बघा, जी कॉपी कधी उघडलीच नाही तिच्यावर मी आता विसंबत नाही. रोज बदलणाऱ्या फाइलींची, तुमच्या हिशेबाची वगैरे, आतून एक कॉपी रोज वेगळी बाहेर काढत जा.

प्रश्न : गेस्टमधून ३० जीबी फाइली उडवल्या, तरी होस्टवर व्हीडीआय फाइल तेवढीच मोठी. का?

व्हीडीआय म्हणजे गेस्टची अख्खी डिस्क ज्यात राहते ती होस्टवरची फाइल, आणि अशी वाढत जाणारी डिस्क आपोआप फक्त वाढते. आतली फाइल उडवली तरी ती जागा रिकामी झाल्याचं गेस्टलाच माहीत असतं, होस्टला तिथे जुना डेटाच दिसतो. आधी आतली रिकामी जागा शून्यांनी भरा, विंडोज गेस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचं एसडिलीट, लिनक्समध्ये झीरोफ्री, मग गेस्ट बंद करून होस्टवरून व्हीबॉक्समॅनेजची कॉम्पॅक्ट कमांड चालवा. शून्यं भरताना व्हीडीआय तात्पुरती पूर्ण आकारापर्यंत फुगू शकते, म्हणून होस्टवर तेवढी जागा आहे ना ते आधी बघा. स्नॅपशॉट असतील तर ते आधी मेनूतून काढा, आणि हे सगळं सुरू करायच्या आधी वर सांगितलाय तसा बॅकअप.